दोघांत सहा

"सहा मागव. दोघांत सहा पुरतात," असं दीपेश म्हणाला आणि मृणालीच्या हातातली गाळणी कपावर जिथल्या तिथे थांबली. चहा गाळून झाला होता. चोथ्यातून शेवटचे थेंब पडत होते आणि ती ओट्याशी पाठमोरी उभी राहून ते बघत होती. बाहेरच्या खोलीत तिचा धाकटा भाऊ शैलेश पाय पसरून बसला होता. त्याची पॅकिंगच्या मशीनची कंपनी त्याला जर्मनीला पाठवत होती, बव्हेरियातल्या न्यूर्नबर्ग नावाच्या शहरात, कसल्याशा प्रदर्शनाला. तीन वर्षांपूर्वी त्याच प्रदर्शनाला त्याचे भावजी, म्हणजे दीपेश, जाऊन आलेले. म्हणून तिथे खायचं काय, प्यायचं काय, बसायचं कुठे, हे विचारायला तो कल्याणहून रिक्षा बदलत भिवंडीच्या धामणकर नाक्यापर्यंत आला होता. आणि दीपेश सांगत होता. एरवी जेवताना मीठ कमी आहे हेसुद्धा न सांगणारा हा माणूस आज चांगलाच रंगला होता. बोटाएवढे सॉसेज, लाकडाच्या जाळावर भाजतात, धुराच्या मागे मागे गेलं की दुकान सापडतं. उभ्या उभ्या खायचं तर पावात तीन घालून देतात, बसून खायचं तर सहा, आठ, दहा, बारा. बरोबर आंबवलेला कोबी असतो, तो आवडला नाही तरी खा. टेबलावर टोपलीत वेटोळे पाव ठेवलेले असतात ते फुकट नसतात, खाशील तेवढ्यांचे पैसे लावतात. कोपऱ्यातल्या ज्या टेबलावर पाटी असेल तिथे बसू नकोस, ती रोजच्या म्हाताऱ्यांची जागा. किल्ल्याच्या खालच्या अंगाला झाडांखाली बाकं टाकलेली बाग आहे, तिथे तांबडी बिअर मिळते. आणि ग्लासाला ग्लास लावताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, नाहीतर त्यांना तो अपमान वाटतो.

शैलेशला यात काही खटकलं नाही. त्याने चहा घेतला, बहिणीला नमस्कार केला, तिच्या पाठीत लाडाने एक धपका घातला आणि गेला. मृणाली कप विसळत राहिली. दीपेशच्या गळ्यात तुळशीची माळ होती. लग्नाच्या आधीपासून होती. सासरे केसरीनाथ खाडीत रेतीच्या बोटी चालवायचे, त्यांच्या ताटात सुकट आणि बाजूला बाटली नसेल तर त्यांना ते जेवणच वाटायचं नाही. आणि त्यांच्याच पोटी हा माळकरी, सुकटीचा वास आला तरी उठून ओटीवर जाणारा. न्यूर्नबर्गहून परत आला तेव्हा गालफडं बसली होती. तिकडं आपल्यासारख्या माणसाने खावं तरी काय, तुझ्या शेंगदाण्याच्या चटणीवर दिवस काढले, असं तो तेव्हा म्हणाला होता. मृणालीने मग महिनाभर त्याला भाकरीवर लोणी वाढलं होतं. ते लोणी आता तिला आठवलं. आपल्याला कोणीतरी भर बाजारात मूर्ख ठरवावं आणि आपण हसत उभं राहावं, तसं तिला झालं.

शहाण्या बाईने तिथल्या तिथे विचारलं असतं. पण मृणालीला विचारायचं नव्हतं. तिला कळायला हवं होतं, आणि या दोन्हींत फार अंतर आहे. विचारलं की उत्तर मिळतं, आणि उत्तर काय, कसलंही देता येतं. ती त्या शब्दापाशीच घुटमळत राहिली. दोघांत. दोघींत म्हटलं असतं तर दोन बायका झाल्या असत्या. दोघांत म्हणजे दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि एक बाई. भाषेने तिथे हात वर केले होते. दुसरा पुरुष कोण असणार? गोदामाच्या धंद्यातला त्याचा भागीदार मनोज बरोबर जाणार होता, पण त्याला व्हिसाच मिळाला नाही. विमानतळावर दीपेशला सोडायला मनोजच आला होता आणि परत येताना गाडीत स्वतःच्या नशिबाला शिव्या घालत होता. म्हणजे दीपेश एकटा गेला. तिथे दोन झाले. कोणाच्या तरी डोळ्यांत बघून त्याने ग्लासाला ग्लास लावला. शेजारच्या गल्लीतले कापडाचे लूम दिवसभर खटखटत असतात, त्या आवाजाची इतकी सवय झालेली की तो ऐकूच यायचा नाही. पण त्या आठवड्यात तिला तो सारखा ऐकू येऊ लागला, आणि शुक्रवारी वीज जाऊन लूम थांबले तेव्हा तर डोक्यातलं सगळं मोठ्याने बोलल्यासारखं वाटलं आणि तिने घाबरून मोरीतला नळ सोडला. दीपेश आंघोळ करताना गुणगुणतो, हे नवीन की जुनं? गोदामातून आल्यावर मोबाइल उलटा ठेवतो, तो पूर्वी सुलटा ठेवायचा का? सरळ माणसाला संशयाने बघायला लागलं की तो वाकडाच दिसतो हे तिला कळत होतं, पण कळून डोळे थोडेच मिटतात.

एखादीला हे हसण्यावारी नेता आलं असतं. मृणालीला येत नव्हतं, आणि त्याचं कारण तिला पक्कं ठाऊक होतं. लग्नाला चौदा वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. ठाण्याचे डॉक्टर झाले, दोनदा आशा लागली आणि दोनदा सुटली, गणेशपुरीला कुंडावर जाऊन आली, कोणी सांगितलं म्हणून कुठल्याशा झाडाला धागाही बांधून आली, जरी धागा बांधताना तिला स्वतःचीच लाज वाटली होती. मग चार वर्षांपूर्वी केसरीनाथ अंथरुणाला खिळले. अंजूरच्या घरात, ओटीवरच्या खाटेवर, सगळं गणगोत जमलेलं असताना त्यांनी दीपेशचं मनगट धरलं आणि म्हणाले, "दुसरी आन. हिला पन ठेव, मी काय हाकलून दे बोलत न्हाय. पन दुसरी आन." मृणाली तेव्हा त्यांच्या उशाशी पेजेची वाटी घेऊन बसलेली. चमचा त्यांच्या तोंडापाशी होता. दीपेशने बापाच्या तोंडावर सांगितलं, "न्हाय." एवढंच. पुढे ना मागे एक शब्द. त्या एका शब्दावर ती चार वर्षं उभी होती. लोक बारशाला बोलवायचं टाळत, सासू पुतळाबाई पाळण्याच्या गोष्टी निघाल्या की दुसरीकडे बघत, आणि मृणाली मनात म्हणायची, बोला काय बोलायचं ते, तो न्हाय म्हणाला आहे.

केसरीनाथ गेले आणि दहाव्याला खाडीच्या काठावर पिंडाला कावळा शिवेना. कावळे होते, गोदामांच्या पांढऱ्या पत्र्यांवर ओळीने बसले होते, पण खाली उतरत नव्हते. मेलेल्याचं काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, आणि राहिलेलं काय ते ओळखून जिवंताने कबूल केलं की लगेच शिवतो, हे तिकडे लहान पोरालाही माहीत असतं. एकेक जण पुढे होऊन बोलू लागला. आयशीला सांभाळू. खाडीकडचा तुकडा विकणार न्हाय. मोठी बोट मोडीत घालणार न्हाय. चुलत सासरे तुळशीराम बोलून दमले आणि मग त्यांनी मान वळवून मृणालीकडे बघितलं. मग पुतळाबाईंनी बघितलं. ती बायकांच्या घोळक्यात उभी होती. दीपेश पाण्याकडे बघत होता. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि वेळ निभावून नेली. पुढे दर पितृपक्षात तेच. पत्र्यावर ठेवलेलं पान दुपारपर्यंत तसंच वाळत राहायचं आणि मग गाईला घालायचं. माळकऱ्याच्या घरचं अळणी जेवण त्या रांगड्या माणसाला कसं आवडेल, सुकट नाही, बाटली नाही, म्हणून शिवत नसेल, असं पुतळाबाईंच्या बहीण कमळामावशी एकदा म्हणाल्या होत्या. मृणालीने ते बोलणं उचलून हृदयाशी धरलं. सुकटीमुळेच. दुसरं काही नाही, सुकटीमुळेच.

अशा बाईने 'दोघांत' ऐकल्यावर काय करावं? दुसरी आण म्हणून बाप सांगून गेला; पोराने तोंडावर नाही म्हटलं आणि परमुलखात जाऊन एका ताटलीत सहा मागवले. तिला ती बाई दिसायची. कधी गोरी, केसांचा अंबाडा घातलेली, तिथलीच. कधी, आणि हे जास्त वाईट, आपल्यातलीच, भिवंडीचीच, कुठल्या तरी ऑफिसातली, त्याच विमानाने गेलेली. तिच्या मांडीवर मूलही दिसायचं. ते मात्र दर वेळी एकच असायचं, दीपेशच्या रुंद कपाळाचं. मग मृणालीला त्या मुलाचा राग यायचा नाही, आणि आपल्याला राग येत नाही याचीच तिला भीती वाटायची.

शैलेशने तिकडून फोन केला तेव्हा ती कोथिंबीर निवडत होती. तो फार खुशीत होता. भावजींनी सांगितलेलं दुकान धुराच्या वासावरून बरोब्बर सापडलं म्हणाला. फक्त एक चुकलं. "ताई, अगं इथे सहा म्हणजे एकट्याचं जेवण. मी आणि कंपनीतला राकेश, आम्ही दोघांत सहा सांगितले तर वाढणाऱ्या म्हातारीने असं बघितलं आमच्याकडे. मग दोन ताटल्या घेतल्या. दोघांत सहा कोण खाणार, नवीन लग्न झालेलीच खातील." आणि तो स्वतःच्या विनोदावर खळखळून हसला. मृणालीही हसली. फोन ठेवला. लग्नात त्यांना एका ताटात बसवलं होतं तेव्हा दीपेशने आपल्या बाजूची जिलेबी बोटाने तिच्याकडे सरकवली होती, ती आठवण आजवर तिने कोणाला सांगितली नव्हती. आता तिला जिलेबी सरकवणारं तेच बोट दिसलं, तांबड्या बिअरच्या टेबलावर. कोथिंबिरीच्या काड्या कोणत्या आणि पानं कोणती हे तिला बराच वेळ कळेना.

सासऱ्यांच्या तिथीला अंजूरला जायचं होतं. सकाळी निघाले. नाक्यापासून पुढे कंटेनरच्या रांगा लागलेल्या. गाडी दहा पावलं जायची आणि थांबायची. मृणालीच्या मांडीवर तांदळाच्या खिरीचं पातेलं होतं, झाकणाला फडकं बांधलेलं, आणि धक्क्याधक्क्याने ते तिच्या पोटाला ऊब देत होतं. चारचौघांत ती नवऱ्याला तुम्ही म्हणायची, दार लावलं की तू. गाडीचं दार लावलेलंच होतं.

"तिचं नाव काय?" तिने विचारलं.

"कोनाचं?"

"सहातले तीन तू जिला दिलेस तिचं."

दीपेशने तिच्याकडे बघितलं. हसला नाही, चिडलाही नाही. कुठे काय सांडलं ते शोधणाऱ्या माणसासारखा आठवत राहिला आणि मग त्याला सापडलं. "बाबा," तो म्हणाला. ती वैतागून उच्चारलेली हाक आहे असं तिला वाटलं. पण तो पुन्हा म्हणाला, "बाबा होते गो. दुसरं कोन न्हाय."

मग पुढच्या कंटेनरच्या मागच्या दारावर नजर ठेवून त्याने सांगितलं. त्या वर्षी बाबांची तिथी तो तिकडे असतानाच आली. आईला सांगून गेला होता की आल्यावर बघू. पण त्या दुपारी प्रदर्शनातून सुटला, त्या झाडांखालच्या बागेत चहा मिळेल म्हणून शिरला आणि बघतो तर सगळीकडे बाबाच बसलेले. तेच पोट, तेच लाल गाल, टेबलावर मूठ आपटून हसणं. त्याला राहवलं नाही. गळ्यातली माळ काढून खिशात ठेवली. सहा सॉसेज सांगितले, बिअरचे दोन ग्लास सांगितले, एक आपल्यापुढे ठेवला आणि एक समोरच्या रिकाम्या बाकापुढे. तीन सॉसेज कागदावर काढून मागच्या दगडी गडग्यावर ठेवले. पितराला वाढून आपण कोरडं बसायचं हे बरं दिसेना, म्हणून उरलेल्या तिनांतला एक खाल्ला, डोळे मिटून, औषधासारखा. ग्लासाला ग्लास लावला. वाढणारी बाई दोनदा येऊन बघून गेली. आल्यावर तुला सांगनार होतो, तो म्हणाला, पन तू लोनी वाढायला लागलीस, मग कुठल्या तोंडाने सांगू.

मृणालीला एकदम इतकं हलकं वाटलं की तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. ती अंबाड्याची बाई, तिच्या मांडीवरचं मूल, सगळं त्या कंटेनरखाली जाऊन सपाट झालं. केसरीनाथ, सहा फुटी, तांबडी बिअर पुढ्यात घेऊन परदेशात बसलेले. तिला हसू आलं, आणि या वेड्या माणसाविषयी माया दाटून आली, माळ खिशात घालणाऱ्या, डोळे मिटून घास गिळणाऱ्या. तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आणि मग त्यांच्याकडच्या कोणत्याही माणसाने जे विचारलंच असतं ते तिने विचारलं, सहज, चौकशी म्हणून.

"शिवला?"

"हो."

"बघ. मी म्हणत नव्हते? सुकट-मटणच हवं होतं त्यांना. लगेच शिवला?"

दीपेशने गिअर टाकला, गाडी चार पावलं पुढे नेली, पुन्हा थांबवली. "लगेच न्हाय," तो म्हणाला. मला पन तेच वाटलेलं, खान्याचंच असेल. ठेवून बराच वेळ बसलो. झाडावर होते पाचसहा, पन खाली येईनात. बिअरचा फेस बसला. मग बोललो तेव्हा आला.

मृणालीचा हात गुडघ्यावरच होता. तो उचलावा की राहू द्यावा हे तिला समजेना. काय बोललास, असं तिने विचारलं नाही. तिच्या तोंडून नुसतं "काय" निघालं.

"तुम्ही बोलता तसा करतो, असं बोललो."

बाजूने एक टेम्पो कर्कश हॉर्न देत घुसला आणि दीपेशने काच खाली करून त्याला हिंदीत दोन शब्द ऐकवले, जणू मध्ये काही झालंच नव्हतं. काच वर केली. मग भराभर बोलू लागला. मी काय केलं का तसं? तीन वर्षं झाली, केलं का? नुसतं बोललो. त्याने खाऊन घ्यावं म्हणून बोललो. बापाला फसवलं मी, तुला न्हाय. "आनि ऐक. तो कावळा नव्हताच. रूमवर जाऊन मोबाइलवर बघितलं मी. मान राखाडी, आपल्या कावळ्यासारखीच, पन आकाराने लहान आनि डोळे पांढरे. वेगळा पक्षी हाय तो. म्हंजे ते धरायचंच न्हाय."

तो हे इतक्या मनापासून सांगत होता की तीन वर्षं याच आधारावर तो झोपला असेल हे तिला स्पष्ट दिसलं. रात्री तिच्या शेजारी पडून हा माणूस त्या पक्ष्याच्या डोळ्यांचा रंग आठवत असणार. आपण जिला आपली जागा समजत होतो ती एका पाखराच्या जातीवर टिकली होती. तिला त्याची कीव आली आणि त्याच दमात त्याची भीती वाटली.

"आणि कावळा असता तर?" तिने विचारलं.

रांग सुटली होती. मागचे हॉर्न वाजवत होते. दीपेशने गाडी पुढे काढली आणि अंजूरच्या वळणावर वळवली.

घरी पुतळाबाईंनी अंगण सारवून घेतलं होतं. या खेपेला त्यांनी कोणाला न विचारता मागच्या चुलीवर मटण शिजवलं होतं आणि पानाच्या कडेला काचेच्या पेल्यात थोडी दारूही ओतली होती. मालकाचं मालकाला मिळू दे, माळेचा दोष माझ्या डोक्यावर, असं त्या म्हणाल्या. तुळशीराम आले, कमळामावशी आल्या. दीपेशने पान उचललं आणि पडवीच्या पत्र्यावर नेऊन ठेवलं. समोर गोदामाच्या उंच भिंतीवर कावळे बसलेले होते. सगळे मागे सरकून उभे राहिले. मृणाली दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, तिथून तिला त्याचा चेहरा बाजूने दिसत होता. कावळ्यांकडे तिने बघितलंच नाही. बराच वेळ काही झालं नाही. ऊन तापलं, कोणी तरी खाकरलं, पुतळाबाईंनी पदराने डोळे पुसले. दीपेशने हात जोडले आणि मान खाली घातली. त्याचे ओठ हलले. थोडेच हलले, चार-पाच शब्दांपुरते.

पंखांचा आवाज झाला आणि पत्र्यावर नखं वाजली. पुतळाबाई हात जोडून म्हणाल्या, "शिवला. पोट भरला त्याचा." तुळशीरामांनी दीपेशच्या पाठीवर थाप मारली. कमळामावशींना हुंदका आला. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यासारखी सगळी मोकळेपणाने बोलू लागली, पानं मांडली गेली, आणि पुतळाबाईंनी सुनेच्या गालावरून हात फिरवला, चार वर्षांत पहिल्यांदाच. हात मऊ होता. मृणालीला तो हात ओढून घेऊन विचारावंसं वाटलं, तुम्हाला माहीत आहे का तो काय म्हणाला. पण त्यांना काय माहीत असणार, त्या कावळ्याकडे बघत होत्या.

ती वाढायला उठली. तुळशीरामांना वाढलं, मनोज उशिरा आला होता त्याला वाढलं. दीपेशच्या पानापाशी आली तेव्हा वाकली आणि हळूच, दुसऱ्या कोणाला ऐकू जाणार नाही असं, विचारलं, "काय बोललास त्यांना?"

"कुठे काय," दीपेश खिरीत बोट बुडवत म्हणाला. "मी काय बोललोच न्हाय."

तिने भाताचा डाव त्याच्या पानात उलटा केला आणि पुढच्या पानाकडे वळली.